वही भरली पण कथा हलेना! काल्पनिक लोक, त्यांच्या रीती वगैरे लिहिणाऱ्यांनी जरा मदत करा

खारफुटी_भांडुप:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

मी नोकरी करते, लिहिणं म्हंजे लोकलमध्ये फोनवर नाहीतर रात्री घरचे झोपले की. मला एक फॅन्टसी कादंबरी लिहायचीय आणि मराठीतच लिहायचीय. कल्पना अशी की एक समुद्र आहे जो सहा महिने असतो आणि सहा महिने नसतो, पाणी असताना तिथले लोक मासे धरतात आणि पाणी मागे गेलं की त्याच तळावर मीठ पिकवतात. हायवेवरून जाताना कांजूर-भांडुपची मिठागरं दिसतात ना, तिथून हे डोक्यात शिरलं आणि मग निघेचना.

तर या लोकांसाठी मी एक अख्खी वही भरलीय. तेरा महिन्यांचं कॅलेंडर, लिपी, तीन देव, राजघराण्याच्या सात पिढ्या, रंगीत नकाशा. पाणी परत येतं त्या दिवशी सगळे लोक आपापल्या दारात मिठाची रेघ ओढतात असा एक सणसुद्धा आहे, तो मला स्वतःला फार आवडतो. आणि कथा? कथेत माझी नायिका झायरा, मीठ मोजणाऱ्याची मुलगी, घर सोडून निघालीय आणि ती गणपतीपासून दारातच उभी आहे. पुढे सरकतच नाही बाई. एक पान लिहिलं की वाटतं की अरे हे वाचणाऱ्याला कळणार कसं, मग मी रीत समजावून सांगायला बसते आणि ते शाळेच्या भूगोलासारखं होतं, मग खोडते.

तर विचारायचं हे की असं जग किती तयार करावं आणि कुठे थांबावं? रीतीभाती न समजावता वाचकाला कशा कळवायच्या? कोळी-आगरी लोकांचं चोरलं असं कोणी म्हणेल का? आणि शेवटचं म्हंजे ऑफिसातला एक जण म्हणाला की मराठीत असलं कोण वाचतं, इंग्रजीत लिही. त्यावर काय बोलायचं तेही सुचवा.

---

दुसरा_मजला_गिरगाव:

स्वागत. आणि तेरा महिन्यांच्या कॅलेंडरला कोणी हसलं तर हसू द्या, ज्याला असली खाज नाही तो या वाटेला येतच नाही.

मला तुमच्या वर्णनात एकच शब्द खटकला, 'सगळे'. सगळे लोक दारात मिठाची रेघ ओढतात. अहो, सगळे कधी काही सारखं करतात का? आमच्या चाळीत एका गॅलरीत गौरी बघा. आमच्याकडे खड्याच्या, म्हंजे पाणवठ्यावरून खडे आणायचे, आता पाणवठा कुठला, खालचा नळच. शेजारी मुखवट्यांच्या, साड्या नेसवून उभ्या केलेल्या. त्यापुढच्या खोलीत तेरड्याची गौर. आणि टोकाच्या खोलीत गौरीला मटणाचा नैवेद्य, तेही कोकणातलेच लोक, आणि आमच्याकडे त्याच दिवशी पुरणपोळी, वास दोन्ही बाजूंनी येऊन जिन्यात एकमेकांत मिसळणार. सण एक, देवी एक, चार घरांत चार तऱ्हा, आणि प्रत्येक घराला मनातून खात्री की खरी रीत आपलीच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच गॅलरीत आहे. आमच्याकडे खडे आणणाऱ्या बाईने वाटेत बोलायचं नसतं, तोंडात पाणी धरून यायचं. माझी आई खडे घेऊन गॅलरीतून यायला लागली की शेजारच्या मावशी मुद्दाम विचारायच्या, काय गं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, गॅस बंद करू का तुझा? आई गाल फुगवून नुसते डोळे वटारायची आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. बघा, मी तुम्हाला रीत समजावली का? तरी कळली ना? कारण कोणीतरी ती मोडायला बघत होतं. रीत सुरळीत चाललेली असते तेव्हा ती दिसतच नाही, तिथल्या माणसांना तर नाहीच नाही. कोणी मोडली, कोणावर लादली, कोणी निराळी केली, की लगेच दिसायला लागते.

म्हणून झायरा दारात का अडकलीय सांगू? तिला अडवणारं तिथे काहीच नाहीये म्हणून. आणि अडवणारी वस्तू तुम्ही आधीच केलेली आहे, मिठाची रेघ! ती त्याच दिवशी निघते असं करा. रेघ ओढली की ओलांडायची नाही, आणि तिची आई दुसऱ्या बेटावरची, माहेरी रेघ उंबऱ्याच्या आत ओढतात आणि सासरी बाहेर. मग उंबऱ्यावर उभी असलेली मुलगी रेघेच्या आत की बाहेर यावर आई आणि आजीचं जुंपू द्या. तुमच्या तीन देवांचं नावही न घेता अर्धं प्रकरण होईल.

---

टंकनचूक:

मी जरा कडू बोलतो, राग मानू नका.

वही बंद करा. आजपासून. सात पिढ्यांपैकी पहिल्या पाच पिढ्या कथेत येणार आहेत का? नाही ना. मग त्या तुम्ही कथा लिहायची टाळाटाळ म्हणून लिहिल्यात, आणि टाळाटाळ म्हणून काही वाईट नाहीये, फार मजेची आहे, पण तिला कादंबरी म्हणू नका. लिहिताना अडलं की चौकटीत 'इथे काहीतरी सण' असं टाकून पुढे जायचं. मसुदा पुरा झाल्यावर अशा चौकटी मोजा, जेवढ्या उरल्या तेवढंच जग तयार करायचं बाकी होतं.

---

वरळीचा_नाखवा:

टंकनचूक भाऊ, तुमचं पटतं पण अर्धंच. जगाचे काही सांधे आधी पक्के नसले तर कथा मधेच बसते. पण सांधे म्हंजे राजाची वंशावळ नाही.

ताई, मी कोळीवाड्यातला, आता बोटीवर जात नाही, नोकरी करतो, पण घर दर्याकडेच तोंड करून आहे. तुमचा सहा महिन्यांचा समुद्र वाचला आणि पहिला प्रश्न मनात आला तो पिण्याच्या पाण्याचा. सगळीकडे मीठ आहे, मग गोडं पाणी कुठून आणता? विहीर कोणाच्या ताब्यात? तुमच्या राजघराण्याने सात पिढ्या राज्य केलं ते बहुतेक त्या विहिरीच्या जोरावर केलं असणार, तलवारीच्या नाही. दुसरा प्रश्न, पाणी गेल्यावर होड्या कुठे जातात? चिखलात रुतून राहतात की ओढून काढतात, ओढायला किती माणसं लागतात, आणि ज्याच्या घरात माणसंच नाहीत त्याची होडी कोण ओढतं? इथून नाती निघतात बघा, कर्जं निघतात, भांडणं निघतात.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, नियमच आहे, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. त्या दोन महिन्यांत जाळी विणणं, दुरुस्त्या, सुक्या मासळीवर भागवणं आणि उधारी. मग नारळी पुनवेला दर्याला नारळ. लोकांना तो नारळ आणि नाच दिसतो. त्याच्या मागे दोन महिने रिकामा गल्ला असतो तो दिसत नाही, आणि तो कळला नाही तर तो नारळ किती आनंदाचा ते पण कळत नाही. तुमची मिठाची रेघ छान आहे पण त्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात तुमच्या लोकांच्या घरात खायला काय असतं ते तुम्हाला माहीत पाहिजे, लिहिलं नाही तरी चालेल.

अजून एक. माझी आजी शाळेत गेली नव्हती पण भरतीची वेळ तोंडावर सांगायची. हिशोब असा की तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा, म्हंजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, थोडं इकडे तिकडे. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही. हे गणित आमच्या घरात चुलीपाशी शिकवलं जायचं. तुमचा समुद्र सहा महिन्यांनी येतो तर तो कधी येणार हे कोणाला तरी आधी कळत असणार. कोणाला? ते गणित कोणाच्या घरात आहे? ज्याच्या घरात आहे तो ते फुकट सांगतो का? माझ्या मते तुमची कादंबरी इथे आहे, मीठ मोजणाऱ्याच्या मुलीला ते गणित आलं तर काय होईल बघा.

चोरीचं विचारलंत. आमचं लुगडं, आमची गाणी, होळीचा नाच असं वरचं वरचं उचलून नुसती नावं बदललीत तर राग येईल, खरं सांगतो. पण दर्यावर पुरुष जातो आणि बाजारात बाई बसते, पैसा मोजणारा हात बाईचा असतो, त्यामुळे घरात तिचा शब्द चालतो, ही जी आतली चाल आहे ती समजून घेऊन तुम्ही स्वतःचं काही उभं केलंत तर त्यात चोरी कसली? आणि एकदा सकाळी कुठल्याही बंदरावर जाऊन लिलाव बघा. कडेला उभ्या राहा, फोटो काढत बसू नका, एखाद्या मावशीकडून मासळी घ्या, मग बोलायला लागतात.

---

खारफुटी_भांडुप:

बापरे! एवढं कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं, मी हे सगळं दादर ते भांडुप उभ्याने वाचलं आणि भांडुप गेलं पण, मुलुंडला उतरले.

गोड्या पाण्याचा विचार मी केलाच नव्हता. तीन देव केले पण विहीर नाही केली. 😅 नाखवा दादा, गणिताचं वाचून अंगावर काटा आला, झायराचा बाप मीठ मोजतो एवढंच ठरवलेलं, आता त्याला अजून काय काय मोजता येतं ते बघावं लागेल. गिरगावकर दादा, आई-आजीचं भांडण मी आज रात्रीच लिहिणार.

पण मग कॅलेंडर आणि लिपीचं काय करू? टंकनचूक यांचं वाचून दोन्ही फेकून द्यावंसं वाटतंय.

---

जुनी_मुंबई_नवं_पेन:

फेकू बिकू नका! कॅलेंडर फार कामाची वस्तू आहे, फक्त एकच ठेवू नका.

आमच्या बिल्डिंगमध्ये उत्तरेकडच्या कुटुंबांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला. म्हंजे समोरच्यांचे श्रावणी सोमवार चालू आणि आपल्याकडे अजून आषाढ, गटारी बाकी, मासळी चालूच, त्यांच्या दारावरून सुरमईची पिशवी नेताना आपण उगाच ती मागे लपवतो. गुजराती मंडळींचं नवं वर्ष दिवाळीनंतर, आपलं गुढीपाडव्याला. पारशी लोकांत तर एकाच समाजात शहेनशाही, कदमी आणि फसली अशी तीन कॅलेंडरं, फसलीवाल्यांचं नवं वर्ष 21 मार्चला आणि शहेनशाहीवाल्यांचं ऑगस्टमध्ये. आणि हे सगळे लोक एका लिफ्टमधून खाली येतात.

याहून भारी गोष्ट मुंबई टाईमची. 1906 मध्ये सगळ्या देशाला एक वेळ लागू झाली, पण मुंबईची आपली स्वतःची वेळ होती, नव्या वेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि मुंबईकरांनी ती सोडायला चक्क नकार दिला. गिरणी कामगारांनी विरोध केला, शहरात दोन्ही वेळा चालत राहिल्या आणि मुंबई टाईम पुरता जायला 1955 उजाडलं. त्याच्याही आधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. विचार करा, पन्नासेक वर्षं या शहरात 'किती वाजले' याला 'कोणाच्या घड्याळात' असं विचारता येत होतं. सरकारी वेळ मानणारा एक आणि न मानणारा दुसरा, इथे आपोआप राजकारण आलं. तुमच्या राजघराण्याने तेरा महिन्यांचं कॅलेंडर काढलं असेल तर मीठवाल्यांनी ते मानलंय का? जुनं कॅलेंडर कोण लपूनछपून पाळतं? अर्धवट राहिलेली सुधारणा जितकी खरी वाटते तितकं दुसरं काही वाटत नाही. 1957 ला दशमान नाणी आली तरी आमचे आजोबा शेवटपर्यंत चार आणे, आठ आणेच म्हणायचे.

लिपीचं तेच. आधी ठरवा की ती कोणाला वाचता येते. मराठी कितीतरी वर्षं दोन लिप्यांत चालली, दप्तरात आणि पत्रव्यवहारात मोडी, पोथ्यांत बाळबोध, म्हंजे आपली आजची देवनागरी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वाचणारे भरपूर होते, आज घरात पणजोबांचं खतपत्र निघालं तर वाचायला माणूस शोधावा लागतो. तुमच्या कथेत मिठाचे हिशेब एका लिपीत आणि देवाच्या गोष्टी दुसऱ्या लिपीत असतील, आणि झायराला त्यातली एकच येत असेल, तर पुढच्या पाच प्रकरणांचा तरी प्रश्न मिटला.

---

पोयबावडीची_पोर:

सगळं वाचलं, छान चाललंय. मला एकच विचारायचंय.

तुमच्या बेटावर जनावर मेलं की ते कोण ओढून नेतं?

विहीर कोणाची हे विचारून झालं, पण त्या विहिरीवर कोणाला चढू देत नाहीत? आपल्याकडे काल्पनिक गाव लिहायला बसलं की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात, प्रत्येकाला सुगीला धान्य मिळतं, किती सुंदर व्यवस्था! बारा बलुतेदारांत महार पण होते, मांग पण होते, आणि त्यांची घरं गावकुसाबाहेर होती. ते वगळून लिहिलेलं जग मला खोटं वाटतं, मग त्यात तीन चंद्र असू देत नाहीतर समुद्र उडत असू दे. माझं म्हणणं असं नाही की जात जशीच्या तशी उचलून बेटावर नेऊन ठेवा, उलट ते आळशीपणाचंच होईल. पण घाण आणि मरण कुठल्यातरी हाताने उचलावं लागतंच आणि त्या हाताला तो समाज काय देतो आणि काय नाकारतो हे लेखकाला ठाऊक पाहिजे. मिठाची रेघ सगळ्यांच्या दारात ओढतात म्हणालात. कोणाच्या दारात ओढू देत नाहीत?

---

दुसरा_मजला_गिरगाव:

हे मी विचारायला हवं होतं. सलाम.

---

खारफुटी_भांडुप:

पोयबावडी ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी मी फोन खाली ठेवला. यावर मला वेळ लागेल, घाईत काहीतरी उत्तर देत नाही.

---

अंधेरी_ईस्ट_वेस्ट:

मी फारसा लिहीत नाही, वाचतो पुष्कळ, त्यामुळे वाचकाच्या बाजूने एक तक्रार. झायरा काय झायरा! मराठीतल्या काल्पनिक ग्रहांवर सगळ्यांची नावं इंग्रजी सिरीयलमधल्या खलनायकांसारखी का असतात? झ, थ, क्स आणि मधे एक झटका. इतकी वर्षं मीठ आणि चिखलात काढलेल्या लोकांची नावं अशी गुळगुळीत कशी?

सोपी युक्ती सांगतो. या लोकांच्या बोलीत कुठले आवाज आहेत आणि कुठले नाहीत एवढं ठरवून टाका. समजा ळ भरपूर आहे आणि फ अजिबात नाही, आणि नाव कधी जोडाक्षराने सुरू होत नाही. मग त्या चाळणीतून सगळी नावं काढा, माणसांची, होड्यांची, वाऱ्यांची. वाचकाला नियम कळणार नाही पण नावं एका घरची वाटतील, आणि परका माणूस कथेत आला की त्याच्या नावावरूनच कळेल. जागांची नावं तर मुंबईकडे बघून शिकावी, ताडदेव, फणसवाडी, चिंचपोकळी, कुंभारवाडा, भोईवाडा. झाडं, धंदे, खड्डे. कुठल्या गल्लीला कोणी 'तेजोनगरी' नाव ठेवलं नव्हतं, ती नावं बिल्डर आल्यावर आली.

---

शिवाजी_पार्कची_काकू:

'मराठीत कोण वाचतं' हे राहिलंच की. त्या ऑफिसातल्या मुलाला विचार, तू शेवटचं मराठी पुस्तक कधी वाचलंस, आणि त्याचं उत्तर ऐकून गप्प बस. वाद घालायचा नाही, ते श्वास लेखनाला ठेवायचे.

बाळा, दिवाळी अंक 1909 पासून निघतायत, आणि त्यात भयकथा, विज्ञानकथा, गूढकथा सगळं लोक कितीतरी वर्षं आवडीने वाचत आलेत. तू कादंबरीच्या आधी याच जगातली एक कथा लिही, तीनेक हजार शब्दांची, संपणारी. कादंबरी पुरी करायला वर्षं जातात आणि तोवर आपल्याला काही पुरं करता येतं यावरचा विश्वास उडतो. कथा एका पावसाळ्यात होते. फक्त अंकाला पाठवायची तर गणपतीत जागी होऊ नकोस, तोवर अंक बहुतेक लागलेले असतात, उन्हाळ्यातच संपादकांना विचारून ठेवावं.

चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा पण आहे. जयंत नारळीकरांनी त्या स्पर्धेत आपली कथा दुसऱ्याच नावाने पाठवली होती, आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कथाकार म्हणून नवखा उमेदवार होऊन रांगेत उभा राहिला. तुझा समुद्र सहा महिने का जातो याचं काही शास्त्रीय कारण काढता आलं तर तिथे चालेल, नाहीतर दिवाळी अंक आहेतच.

आणि हो, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुन्या मासिकांचे गठ्ठे चाळ. त्या काळच्या जाहिराती वाच, कथा नाही वाचल्यास तरी चालेल. लोक कशाला घाबरायचे आणि कशावर पैसे घालवायचे ते जाहिरातीत जितकं कळतं तितकं इतिहासात नाही कळत.

---

टंकनचूक:

काकू, जाहिरातींचं एक नंबर. मी माझ्या पोस्टमधला अर्धा कडूपणा मागे घेतो, उरलेला अर्धा राहू दे.

---

खारफुटी_भांडुप:

मंडळी, आई-आजीचं भांडण लिहिलंय. सगळ्यांचं थोडं थोडं घेतलंय. झायराची आता येळी झालीय, अंधेरीकरांच्या चाळणीतून काढलेली. कच्चं आहे, झोडा.

*"आत ओढ," आई म्हणाली.*

*"या घरात आत कोणी ओढली नाही," आजीने सुपातलं मीठ मुठीत घेतलं. "आत ओढायची ती तुझ्या बापाकडे. तिकडे पाणी पण आतच येतं म्हणे."*

*येळी उंबऱ्यावर उभी होती. एक पाय कोरड्या फरशीवर, एक पाय अंगणात. आजीची मूठ सैल झाली की मीठ पडणार, आणि मीठ पडलं की पुढचे तीन चंद्र हे दार ओलांडायचं नव्हतं.*

*"बाजूला हो गं," आजी म्हणाली.*

*"कुठल्या बाजूला?" येळीने विचारलं.*

*दोघींनी एकदम बोटं दाखवली, आई आतल्या बाजूला, आजीही आतल्याच. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. येळीने मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. बापाने सांगितलं होतं पाणी उद्या दुपारी. तिचं गणित सांगत होतं आज, अंधार पडायच्या आत. पलीकडे खालच्या अळीत सोनळीच्या दारात कोणी मीठ घेऊन गेलं नव्हतं, कधीच जात नसत, त्यांचं पाणी त्यांनी बघावं. पाच मिनिटं ती तशीच उभी राहिली. मग तिने आजीच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि खालच्या अळीकडे पळत सुटली.*

---

वरळीचा_नाखवा:

वा! पळाली एकदाची! आणि सूप घेऊन पळाली, मोकळ्या हाताने नाही. मला ती 'तिकडे पाणी पण आतच येतं म्हणे' फार आवडली, आमच्याकडच्या म्हाताऱ्या अगदी अशाच बोलतात, समोरच्याच्या माहेराला लागेल असं.

गणित कसं केलं ते एका ओळीत तरी दाखवा. बोटांवर केलं, भिंतीवरच्या मिठाच्या डागांवरून केलं, काहीतरी. म्हंजे आम्हाला पण थोडं करता येईल आणि बाप चुकतोय की मुद्दाम खोटं सांगतोय हे आमचं आम्ही ओळखू.

---

पोयबावडीची_पोर:

'त्यांचं पाणी त्यांनी बघावं' एवढ्यावर सोडलंत ते बरं केलंत, समजावत बसला नाहीत. पण आता पुढच्या पानावर सोनळी नुसती उपकार मानणारी करू नका हं. ती म्हणू शकते की तुझं मीठ ने परत, आमच्याकडे आमचं आहे. किंवा तिलाही पाणी कधी येणार ते आधीच ठाऊक असेल, येळीच्या आधीपासून.

---

खारफुटी_भांडुप:

अरे देवा. ठाऊक असेल. नक्कीच ठाऊक असेल! थांबा, हे आत्ताच लिहून ठेवते.

---

जुनी_मुंबई_नवं_पेन:

लिहाच. आणि ते 'पाच मिनिटं' तेवढं काढा, या लोकांकडे घड्याळ कुठून आलं?